किल्ली नव्हे, मुखत्यारपत्र

मेल हाताळणारे एखादे नवे सॉफ्टवेअर घेतले की पडद्यावर एक मजकूर येतो : या अ‍ॅपला तुमचे मेल वाचण्याची, पाठवण्याची, काढून टाकण्याची परवानगी हवी आहे. खाली होकाराचे बटण असते. बहुतेक जण मजकूर न वाचता ते दाबतात. वास्तविक त्या क्षणी आपण एका मुखत्यारपत्रावर सही करत असतो.

पूर्वी अशी सही नव्हती. सरळ किल्लीच द्यावी लागे. सॉफ्टवेअर आपला पासवर्ड मागून घेई, स्वतःजवळ साठवी आणि आपल्याला जे जे करता येते ते सगळे त्यालाही करता येई. एकाकडून किल्ली परत घ्यायची तर कुलूपच बदलावे लागे, आणि मग बाकीचेही बाहेर राहत.

यावर ‘ओऑथ’ ही पद्धत निघाली. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर २००७ मध्ये पक्की झाली. आज रूढ असलेली ‘ओऑथ २.०’ ऑक्टोबर २०१२ मधली. हिच्यात सॉफ्टवेअर आपल्याला मेल-कंपनीच्याच पानावर नेते. पासवर्ड आपण तिथे देतो. सॉफ्टवेअरला तो कळत नाही. त्याला मिळते ते फक्त ‘टोकन’. त्यावर कामाची मर्यादा असते : जीमेलमध्ये केवळ वाचण्याची, केवळ पाठवण्याची किंवा सर्वाधिकाराची परवानगी वेगवेगळी मागता येते. टोकनची मुदत थोडी, बहुधा तासाभराची. मात्र सोबत मिळणाऱ्या ‘रिफ्रेश टोकन’वर ते पुन्हा पुन्हा नवे करून घेता येते. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनमधली नुसत्या पासवर्डची जुनी वाट टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली.

किल्लीची चोरी अशी अवघड झाली, पण फसवून सही घेणे उरलेच. मे २०१७ मध्ये अनेकांना ओळखीच्या माणसाच्या नावाने मेल आला. त्यातल्या दुव्यावरून ते गूगलच्या खऱ्या पानावर पोचले. तिथे परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपने मात्र ‘गूगल डॉक्स’ हे खोटे नाव घेतले होते. होकार मिळताच ते संपर्कयादीतल्या सर्वांना तोच मेल धाडी. गूगलने तासाभरात ते थांबवले. यात कोणाचाही पासवर्ड चोरावा लागला नव्हता. दुहेरी पडताळणीही उपयोगाची नव्हती. लोकांनी आपल्या हाताने अधिकार दिला होता.

संस्थांमध्ये जोखीम आणखी मोठी. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत परवानग्या दोन जातींच्या. पहिलीत सॉफ्टवेअर लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या वतीने, तिच्या अधिकारांच्या आत काम करते. दुसरीत कोणीही लॉगिन न करता ते स्वतःच्या नावाने चालते. व्यवस्थापकाने एकदा मान्यता दिली आणि वेगळे बंधन घातले नाही, तर ‘मेल वाचणे’ म्हणजे संस्थेतल्या प्रत्येकाचा मेल वाचणे. हे कुलमुखत्यारपत्रच झाले.

मुखत्यारपत्र करताना जाणती माणसे चार गोष्टी पाहतात : कोणाला, कोणत्या कामासाठी, कुठवर, आणि रद्द कसे करायचे. तेच इथेही पाहावे. केवळ पाठवण्याचे काम असेल तर वाचण्याचा अधिकार कशाला? खात्याच्या सेटिंगमध्ये अशा अ‍ॅप्सची यादी असते. ती वर्षातून एकदा तरी उघडावी, नको ते काढावे.

कारण पेटीतली सगळी पत्रे आपण लिहिलेली नसतात. कोणी आजार कळवलेला असतो, कोणी कर्ज, कोणी घरातले भांडण. त्यांनी लिहिले ते आपल्यावर विसंबून. त्या बटणावर सही मात्र एकट्या आपलीच असते.