'क्विक' म्हणजे नुसतं 'लवकर' नव्हे



"क्विक, क्विक! वह्या काढा!" वर्गात दिवसातून कितीदा म्हणतो आपण! मुलांना अर्थ विचारला, तर 'लवकर' हे उत्तर येतं. ते बरोबरच आहे. पण या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'जिवंत'!

अर्थ कसा बदलला? जे जिवंत, ते हलतं, चळवळ करतं. म्हणून 'जिवंत'चा झाला 'चपळ' आणि पुढे 'लवकर होणारा'. जुना अर्थ काही शब्दांत अजून टिकून आहे. पारा सांडला की जिवंत असल्यासारखा पळतो, म्हणून तो 'क्विकसिल्व्हर', म्हणजे जिवंत चांदी. नखाखालच्या नाजूक मांसालाही इंग्रजीत 'क्विक' म्हणतात. आपण त्याला जिव्हाळी म्हणतो. बोलणं जिव्हारी लागलं, तर इंग्रजीत म्हणतात, 'कट टू द क्विक'.

गंमत म्हणजे भाषाशास्त्रानुसार 'क्विक' आणि संस्कृत 'जीव' हे शब्द एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. म्हणजे हा शब्द आपल्या 'जीव'चा लांबचा भाऊच!

स्पेलिंगचं काय? जुन्या इंग्रजीत सुरुवातीला 'सी-डब्ल्यू' लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनामुळे तिथे 'क्यू-यू' आलं.

वापरताना एवढं लक्षात ठेवा. 'फास्ट' म्हणजे वेग जास्त, 'क्विक' म्हणजे वेळ कमी. म्हणून गाडी 'फास्ट ट्रेन', पण झटपट उत्तर 'क्विक रिप्लाय'. काम कसं केलं ते सांगायचं असेल, तर 'क्विकली'.

आता मनातलं सांगते. एका मुलाच्या प्रगतिपत्रकात मी 'कामाचा वेग कमी' असं लिहिलं होतं. त्याची आई भेटायला आली नि हळूच म्हणाली, "बाई, आमचा पोरगा मठ्ठ आहे का हो?" मला काय बोलावं सुचेना. तो लिहायला वेळ घेई, पण सगळ्यात जास्त प्रश्न तोच विचारी. 'लवकर'च्या अर्थाने तो क्विक नव्हता, मूळ अर्थाने मात्र वर्गात त्याच्याइतकं जिवंत कुणी नव्हतं. पुढच्या सत्रात मी लिहिलं, 'खूप प्रश्न विचारतो, विचार करून उत्तर देतो.'

तेव्हा उद्या वर्गात किंवा घरी "क्विक, क्विक" म्हणताना मुलाच्या हाताचा वेग बघाच, पण त्याचे डोळेही बघा.