डासाच्या घरातला भाडेकरू

रंकाळ्यावरून फिरून घरी यावे, जरा टेकावे, तोच कानाशी गुणगुण सुरू व्हावी, हे आम्हा कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडले आहे. डास आपल्या रक्तावर जगतो हे लहान पोरही सांगेल. पण डासाच्या जिवावर जगणाराही कुणी आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

१९२४ साली अमेरिकेत हर्टिग आणि वोल्बाक या संशोधकांना क्युलेक्स डासात एक जीवाणू आढळला. पुढे त्याचे नाव ‘वोल्बाकिया’ पडले. आईच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. हा भाडेकरू घरमालकाला मारत नाही; त्याची वंशावळ मात्र ताब्यात घेतो. बाधित नराचा बिनबाधित मादीशी संयोग झाला, तर तिची अंडी फुटतच नाहीत. बाधित मादीला ही अडचण नाही. त्यामुळे पिढीगणिक बाधितांचा वाटा वाढत जातो. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे चक्रवाढीचे गणित चटकन उमगते!

याचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. नुसते नर सोडले तर डास घटतात. १९६७ साली ब्रह्मदेशातल्या ओक्पो गावी असे न जुळणारे नर सोडून क्युलेक्स नाहीसे करून दाखवले गेले. माद्याही सोडल्या तर डास उरतात, पण डेंग्यूचा विषाणू त्यांच्यात नीट वाढत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात वोल्बाकिया मुळात नसतो. तो प्रयोगशाळेत घालावा लागतो. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही असे डास तयार केल्याचे २०२२ साली जाहीर केले.

मात्र शास्त्र एकटे पुरत नाही. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा डासांवरचा प्रकल्प होता. हा जैविक युद्धाचा डाव तर नव्हे, असा संशय वृत्तपत्रांतून आणि संसदेतून उठला, आणि १९७५ साली प्रकल्प गुंडाळला गेला. लोकांच्या मनातली शंका फिटली नाही, तर चांगले कामही बुडीत खाती जमा होते.

उद्या कुणी आपल्या दारी येऊन “डास सोडायचे आहेत” म्हणाले, तर दार लावून घेऊ नये आणि डोळे मिटून मानही डोलावू नये. काय सोडणार, कशासाठी, हिशेब कोण देणार, हे विचारावे. आणि तोवर पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.