पाळीव गिनीपिगमधील आकस्मिक वर्तनबदल : निरीक्षण व प्रतिसाद

प्रस्तावना :
गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील कृंतक प्राणी होय. निसर्गात तो इतरांचे भक्ष्य असल्याने अशक्तपणा लपविणे ही त्याची स्वसंरक्षणाची प्रवृत्ती आहे. परिणामी आजार दृष्टीस पडतो तेव्हा तो बहुधा पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. म्हणूनच वर्तनातील आकस्मिक बदल ही आजाराची पहिली, आणि कित्येकदा एकमेव, सूचना ठरते. सदर लेखात या बदलांचा अर्थ व त्यावरील प्रतिसाद यांचे विवेचन केले आहे.

स्वाभाविक वर्तन :
निरोगी गिनीपिग दिवसभर थोडे थोडे खातो, अन्नाची चाहूल लागताच शीळ घालतो, आनंदात असता जागच्या जागी उड्या मारतो. स्वतःची मऊ विष्ठा खाणे हीदेखील त्याची स्वाभाविक पचनक्रिया आहे. स्वाभाविक काय हे ज्ञात असल्याखेरीज अस्वाभाविक ओळखता येत नाही.

बदल व त्यांची कारणे :
१) अन्न नाकारणे : याचे दात आयुष्यभर वाढतात. गवत अपुरे मिळाल्यास दाढा वाढून चावणे वेदनादायक होते. अन्न थांबताच आतड्यांची हालचाल मंदावते व अल्पावधीत जीवितास धोका निर्माण होतो.
२) हालचाल टाळणे, उचलताच ओरडणे : मानवाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. त्याच्या अभावी सांधे दुखरे होतात. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक यांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्ही दाखवून दिला. वैज्ञानिक इतिहासातील ही महत्त्वाची घटना पालकासही तितकीच मार्गदर्शक आहे.
३) लघवी करताना कण्हणे : मूत्रमार्गातील खडा वा संसर्ग संभवतो.
४) सतत खाजविणे : त्वचेतील सूक्ष्म माइट्समुळे तीव्र प्रसंगी झटकेही येतात.
५) लपून राहणे : जोडीदाराचा वियोग, जागाबदल वा गोंगाट हे कारण असू शकते; तथापि शारीरिक कारण वगळल्यानंतरच असा निष्कर्ष काढावा.

प्रतिसाद :
प्रथम अन्न, पाणी, लेंड्या व श्वसन यांची पाहणी करून वजन करावे. प्रौढ गिनीपिगचे वजन साधारणतः ७०० ते १२०० ग्रॅम असते. दर आठवड्यास एकाच काट्यावर केलेली नोंद घट तत्काळ दर्शविते. त्यास शांत जागी ठेवावे. खाणे थांबले असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. श्वास घेण्यास त्रास होत असल्यास वा झटके येत असल्यास क्षणाचाही विलंब करू नये. घरातील औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. पेनिसिलीन गटातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन मृत्यू ओढवू शकतो. आहारात गवत मुख्य असावे. ढोबळी मिरची व कोथिंबीर यांतून क जीवनसत्त्व मिळते. दीर्घकाळ साठविलेल्या तयार खाद्यातील हे जीवनसत्त्व मात्र घटत जाते.

समारोप :
मुक्या प्राण्याची तक्रार त्याच्या वर्तनातूनच व्यक्त होते. दैनंदिन निरीक्षण, साप्ताहिक वजन व वेळीच घेतलेला वैद्यकीय सल्ला या तीन गोष्टींतून टाळता येण्याजोगे अनेक मृत्यू टळू शकतात. प्राणी पाळणे हा छंद असला तरी त्याची वेदना वेळेत ओळखणे ही पालकाची नैतिक जबाबदारी होय.