उत्तर बाईंचे, प्रश्न कोणाचा?

इरावती कर्वे यांच्या परिचयात ‘बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट’ एवढा उल्लेख बहुधा असतो. तो उलगडत गेलो, तेव्हा विज्ञानातला वंशवाद नेमका कुठे मुरलेला असतो, ते मला दिसू लागले.

बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ साली कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था स्थापन झाली. संचालक होते ऑयगेन फिशर. आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे १९०८ साली त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला आणि त्यावर त्यांची कीर्ती उभी राहिली. ती जर्मन वसाहत होती. १९०४ ते १९०८ या काळात तिथे जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. मेलेल्या कैद्यांच्या कवट्या अभ्यासासाठी जर्मनीला रवाना होत होत्या.

इरावतीबाई फिशर यांच्याकडे शिकल्या. युरोपीयांच्या कवटीत डाव्या-उजव्या बाजूंची विषमता अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी आहे, असे फिशर यांचे गृहीतक होते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि या विषमतेचा संबंध त्यांना आढळला नाही. तसे त्यांनी प्रबंधात मांडले. गुरूच्या विरोधात जाणारा निष्कर्ष परक्या देशातल्या विद्यार्थिनीने लिहिणे, ही साधी गोष्ट नव्हे.

विज्ञानाने पूर्वग्रहावर मात केली, असे म्हणून इथेच थांबता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. उत्तर बाईंचे होते. पण प्रश्न, कवट्यांचा संग्रह, वंशांची वर्गवारी आणि पदवी देण्याचा अधिकार संस्थेचा होता. एका प्रबंधाने ही चौकट हलली नाही. १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील कृष्णवर्णीय मुलांची सक्तीने नसबंदी झाली, तेव्हा त्यांची ‘वंशतपासणी’ करणाऱ्यांत या संस्थेचे तज्ज्ञ होते.

पुढे बाईंनी महाराष्ट्रातही निरनिराळ्या जातिसमूहांची शरीरमापने घेतली. म्हणजे निष्कर्ष नाकारला गेला, तरी मोजण्याची रीत समुद्र ओलांडून आपल्याकडे आली.

२०११ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २० कवट्या नामिबियाला परत केल्या. आपल्या वर्गांत मात्र अजून आकडे बरोबर आहेत का, एवढेच तपासायला शिकवतात. ही सामग्री कोणाच्या देहातून आली, कोणाच्या संमतीने आली आणि गट कोणी पाडले, हेही विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारायला शिकले पाहिजे. हे प्रश्न शास्त्राबाहेरचे नाहीत. शास्त्राची सुरुवातच तिथून व्हायला हवी.