मोटारसायकलवरची शेगडी

कोल्हापूरच्या थंडीला नाशिककडचे पाहुणे हसतात. हसोत बापडे! पण भल्या पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून गगनबावड्याच्या रस्त्याने गंगावेशीकडे मोटारसायकल हाकणाऱ्या एखाद्या गवळ्याला विचारून पाहा. पारा फार तर बारा-तेरावर असतो. पण गाडी पळू लागली की वारा अंगातली ऊब ओरबाडून नेतो. हवा १० अंशांची असली तरी ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी झोंबते. आणि ० अंशांची हवा तर उणे ९ सारखी. आमचा गवळी यावर सदऱ्याच्या आत, छातीशी, कालचे वर्तमानपत्र घालतो. उपाय फुकटचा आहे आणि उत्तम आहे.

माझ्या भाच्याला मात्र तो पुरण्यासारखा नव्हता. स्वारी सप्टेंबरच्या अखेरीस मनालीहून लेहला निघाली होती. वाटेत बारालाचा खिंड सुमारे १६,००० फुटांवर, तर टांगलांग १७,००० च्याही वर. तिथे बोटे बधिर झाली तर ब्रेक कोणी आवळायचा? ताईचा डोळ्याला डोळा लागेना. "तू मामा ना त्याचा? मग तूच काय ते बघ," म्हणून ती मोकळी झाली. चिरंजीवांनी विजेवर तापणारे जाकीट व हातमोजे आधीच पसंत करून ठेवले होते. प्रश्न एवढाच, की ही वीज आणायची कुठून?

कल्पना तशी जुनीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बाँबफेक्या विमानांतले सैनिक विजेच्या तारा गुंफलेले पोशाख घालून उणे ४० अंशांत बसत. आरंभीच्या पोशाखांत या तारा एकामागोमाग एक जोडलेल्या होत्या. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सारी माळ काळोखात जाई, तसेच तिथेही होई. एक तार तुटली की सैनिक नखशिखान्त गार! पुढे जोडणी निराळी केली, तेव्हा तो त्रास कमी झाला.

पण विमान कुठे आणि आपली मोटारसायकल कुठे! आम्ही दोघे उद्यमनगरातल्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "काका, गाडी म्हंजे काय बोर्डाची लाईन न्हवं. इंजिन फिरंल तेवढीच वीज." मग त्यांनी खडूने फरशीवरच जमाखर्च मांडला. आजच्या मध्यम गाडीचा ऑल्टरनेटर भरात असला तर दोनशे ते तीनशे वॅट देतो. त्यातून समोरचा दिवा साठ घेणार, पेट्रोलचा पंप, ठिणगी वगैरे मिळून आणखी शंभरापर्यंत जाणार. शिवाय मागचा दिवा, हॉर्न आणि भाच्याचा मोबाइल. जाकीट एकटेच पाऊणशे ते नव्वद वॅट मागते, हातमोज्यांची जोडी पंचवीस-तीस. महिनाअखेरीस आपल्या घरी होते तीच गत!

गंमत पाहा. एका लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते आणि तिचा मोठा भाग उष्णता होऊन वाऱ्यावर उडून जातो. बुडाखाली भट्टी पेटलेली, आणि वर बसलेला माणूस शंभर वॅटसाठी दात वाजवतो आहे!

खरी मेख पुढेच होती. इंजिन नुसते घुरघुरत उभे असले की ऑल्टरनेटरची कमाई फार घटते, आणि जाकीट सरळ बॅटरीवर हात मारते. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सारी पुंजी शंभरएक वॅट-तासांची. गारठ्यात तीही आखडते. बंद गाडीवर जाकीट तासभर चालवले की बॅटरीने मान टाकलीच म्हणून समजा. भाच्याच्या नव्या गाडीला तर किकच नाही. खिंडीत बटण दाबले आणि गाडी 'हूं' म्हणाली नाही, तर ते उबदार जाकीट काय कामाचे?

म्हणून जाकीट रद्द झाले. हातमोजे तेवढे गाडीवर घ्यायचे ठरले. मिस्त्रींनी बॅटरीपासून स्वतंत्र तार काढली, बॅटरीलगतच फ्यूज घातला आणि किल्ली फिरवल्याखेरीज वीज पुढे जाऊच नये म्हणून मध्ये रिले बसवला. हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर आला. चालत्या गाडीत काटा साडेतेरा ते साडेचौदात हवा. साडेबाराखाली आला की हातमोजे बंद, अशी ताकीद. छातीसाठी ताईने विणलेला स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे जाड जाकीट. छाती गरम राहिली की शरीर बोटांकडचे रक्त आखडते घेत नाही, त्यामुळे हा खर्च हातांच्याही कारणी लागतो. ताईने गंभीरपणे विचारले, "स्वेटरला किती वॅट लागतात रे?"

पाचव्या दिवशी रात्री लेहहून फोन आला. बारालाच्याच्या अलीकडे लष्करी ट्रकांच्या रांगेमागे तासभर खोळंबा झाला होता. बर्फ भुरभुरत होते. काटा साडेबाराखाली घसरताच त्याने हातमोजे बंद केले, गाडीही बंद केली आणि तापलेल्या इंजिनाजवळ तळवे धरून बसला. ट्रक हलले तेव्हा त्याने बटण दाबले.

"मग?" ताईने माझ्या हातून फोन ओढून घेतला.

"मग काय आई, पहिल्या झटक्यात!"