विंगरला बोल लावताना

मिझोरामच्या लुंगलेईचा विंगर लालियानझुआला छांगटे 2017 मध्ये दिल्ली डायनामोज या फुटबॉल क्लबकडे आला तेव्हा वीस वर्षांचा होता. अठराव्या वर्षीच त्याने सॅफ स्पर्धेत नेपाळविरुद्ध दोन गोल केले होते. त्याच्या वेगाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तक्रार होती ती शेवटच्या पासची आणि हुकणाऱ्या फटक्यांची. दिल्लीचा संघ लागोपाठ दोन हंगामांत आठवा आला, 2019 मध्ये क्लबच भुवनेश्वरला गेला, आणि छांगटेच्या नावाला ‘गुणी, पण भरवशाचा नाही’ हे बिरुद चिकटलं. अशा खेळाडूवर टीका व्हावी का? व्हावी, पण कशाबद्दल, हे आधी ठरवायला हवं.

विंगरचं कामच धोका पत्करण्याचं. बचावपटूला मागे टाकून तो गोलरेषेजवळ पोचतो तेव्हा चेंडू उंच टाकायचा, मागे सरकवायचा की स्वतःच मारायचा, हे त्याला पूर्ण वेगात, सेकंदाच्या आत ठरवावं लागतं. मधल्या फळीतला खेळाडू आडवा पास देऊन नव्वद मिनिटं सुखरूप काढू शकतो आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. विंगरने तसं केलं तर त्याला संघात ठेवायचंच कशाला? म्हणून प्रयत्नात गमावलेल्या चेंडूबद्दल त्याला धारेवर धरणं मला अन्यायाचं वाटतं. चेंडू गेल्यावर तो मागे धावला नाही, सहकारी मोकळा असताना त्याने मान वर केली नाही, तर मात्र गय नको.

यावर कुणी म्हणेल, टीका झाली म्हणूनच छांगटे पुढे सुधारला. पण दिल्लीनंतर तो चेन्नईच्या संघात गेला, तिथेही टीका पाठ सोडत नव्हती. तिथे 2019-20 मध्ये संघ अंतिम फेरीत गेला तेव्हा तो चमकला; पुढच्या हंगामात पुन्हा संधी वाया जाऊ लागल्या. नंतर मुंबई सिटीत गेल्यावर बदलली ती भूमिका. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या संघात हा डावखुरा खेळाडू उजव्या बगलेतून आत वळू लागला. ग्रेग स्ट्युअर्टसारखा नेमका पास देणारा जोडीला होता. 2022-23 मध्ये त्याने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) 10 गोल केले, मुंबईने लीग शील्ड जिंकली आणि तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा (एआयएफएफ) वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एप्रिल 2024 मध्ये फातोर्ड्याच्या उपांत्य सामन्यात गोव्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत मुंबई 0-2 ने मागे होती. छांगटेने अखेरच्या क्षणांत दोन गोल केले आणि मुंबई 3-2 ने जिंकली.

सगळेच छांगटे होत नाहीत, हे खरं. कित्येक वेगवान पोरं विशीतच मागे पडतात. पण विशीतल्या विंगरची जागा चुकतेय की जिद्द कमी पडतेय, हे तपासण्याआधीच त्याला निकालात काढणारी टीका आळशी आहे. दिल्लीत छांगटेच्या वाट्याला आलेली बरीचशी टीका अशीच होती.