‘डॉन’ नावाचा संघ

‘डॉन’ हा शब्द ऐकला की तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर गुंडांचा म्होरक्या उभा राहतो. १९७८ साली याच नावाचा हिंदी चित्रपट आला आणि तो अर्थ आपल्याकडे पक्का झाला. मात्र अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे खेळाडू स्वतःला अभिमानाने ‘डॉन’ म्हणवतात. असे का, ते पाहू.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘डॉमिनस’ म्हणजे घरधनी, मालक. त्यावरून स्पॅनिश भाषेत ‘डॉन’ ही पदवी आली. तिचा स्पॅनिश उच्चार जवळजवळ आपल्या ‘दोन’ या आकड्यासारखा आहे! उर्दूत आपण नावानंतर ‘साहब’ लावतो, तसा हा शब्द तेथे नावाच्या आधी लावतात. पूर्वी हा मान राजे, बिशप आणि बड्या सरदारांनाच असे. सर्व्हान्तेस यांच्या १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक हा खेड्यातला एक सामान्य कुलीन गृहस्थ. तो आपणहून नावापुढे ‘डॉन’ लावून ‘डॉन किहोते’ बनतो. लेखकाने त्याची थट्टाच केली आहे.

कॅलिफोर्निया प्रांत आधी स्पेनच्या, १८२१ पासून मेक्सिकोच्या आणि १८४८ पासून अमेरिकेच्या ताब्यात होता. तेथील मोठ्या जमीनदारांना लोक ‘डॉन’ म्हणत. घोड्यावर स्वार झालेला, रुबाबदार, पाहुणचारात सढळ असे त्यांचे चित्र पुढे लोकप्रिय झाले. त्यांच्या कुरणांवर राबणारे मूळ रहिवासी मात्र त्या चित्रात दिसत नाहीत.

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांचा ‘अप्पू’ हत्ती तुम्ही चित्रात पाहिला असेल. तसा शुभंकर अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांचाही असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला आधी ‘करडे धुके’ म्हणत, कारण त्या शहरात धुके फार. (मला स्वतःला तेच नाव अधिक आवडते.) १९३० नंतरच्या दशकात त्याऐवजी ‘डॉन’ हे नाव आले.

या नावाची खरी कसोटी १९५१ साली लागली. त्या वर्षी ‘डॉन’ संघाने अमेरिकन फुटबॉलचे नऊच्या नऊ सामने जिंकले. हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे. त्यात लांबट चेंडू हातात धरून पळतात. हंगामाच्या शेवटी उत्तम संघांना ‘बाऊल’ नावाच्या मोठ्या सामन्यांचे निमंत्रण मिळे. त्यातून पैसाही येई आणि या विद्यापीठाला पैशांची फार गरज होती. पण संघात ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा वर्णभेद कडक होता. या दोघांना घरी ठेवून या, तर निमंत्रण देऊ, असे सुचवण्यात आले. संघाने साफ नकार दिला. सामना गेला, पैसा गेला आणि त्या हंगामानंतर विद्यापीठाने तो फुटबॉल संघच बंद केला.

मॅटसन यांनी पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि रिलेत रौप्यपदक मिळवले. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, ते हेच ऑलिंपिक. टोलर यांच्या गुडघ्याला १९५२ साली एका सामन्यात जबर दुखापत झाली आणि त्यांचे खेळणे संपले. १९६५ मध्ये ते अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमधील पहिले कृष्णवर्णीय पंच झाले. पंचाचे काम सुटीच्या दिवशी असे. एरवी ते सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शाळेत शिकवत आणि पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले.